भुशाची शेगडी आणि बिनपल्ल्याची खिडकी



थंडी पडली की आपल्या लोकांच्या आठवणी शेकोटीपाशी जाऊन बसतात. भाजलेल्या शेंगा, गोधडी, रात्रीच्या गप्पा. माझ्या आठवणीतली ऊब मात्र कामाची आहे. आमच्या घरी आग माणसांसाठी पेटत नव्हती, सरसासाठी पेटायची. माणसांना तिची झळ मिळाली तर मिळाली. आम्ही किरनापूरचे सुतार. घराची पुढची छपरी म्हणजेच आमचा कारखाना. त्या छपरीत हिवाळा कसा निघायचा, त्यातून बाबूजींनी कोणता नियम धरला आणि तो आज तुमच्याही घरी का लागू आहे, ते सांगायला हे लिहिते आहे. जरा लांबेल, सवडीने वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: किरनापूर ही मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातली तहसील. वाघ नदी ओलांडली की महाराष्ट्र, गोंदिया. आमच्या आजोबांच्या काळी ही हद्द नव्हतीच. नागपूर राजधानी, आणि भंडारा-बालाघाट एकाच प्रांतातले शेजारी जिल्हे. १९५६ मध्ये राज्यांची फेरमांडणी झाली, भंडारा तिकडे गेला, आम्ही इकडे राहिलो. नातीगोती दोन्हीकडे तशीच राहिली. शाळेत हिंदी, घरात मराठी, बाजारात दोन्ही. त्यामुळे माझ्या लिहिण्यात हिंदी शब्द डोकावले तर सांभाळून घ्या.

आमच्याकडच्या थंडीवर पुण्या-मुंबईचे पाहुणे आधी विश्वास ठेवत नाहीत. उन्हाळ्यातला विदर्भच त्यांना माहीत असतो. पण थंडीच्या बातम्या नीट वाचा, विदर्भातलं सर्वांत कमी तापमान पुष्कळदा गोंदियाचं असतं. आम्ही तर त्याच्याही पलीकडे, सातपुड्याच्या बाजूला. पौषात पहाटे पारा आठ-दहा अंशांवर येतो. सगळीकडे धानाच्या बांध्या, जमिनीत ओल, सकाळी नऊपर्यंत धुकं. डोंगरातल्या माणसाला आठ अंश म्हणजे काहीच नाही. पण त्यांची घरं थंडीसाठी बांधलेली असतात, आमची उन्हाळ्यासाठी. वर कवेलू, ज्याच्या फटीफटीतून वारा येतो. पुढच्या बाजूला भिंत नाही, बांबूचे तट्टे. उन्हाळ्यात ती छपरी म्हणजे स्वर्ग. जानेवारीत तिथे रंधा हातात धरला की लोखंड बोटांना चावायचं.

आणि नेमकं तेव्हाच काम जास्त. आमचा भाग धानाचा. दिवाळीनंतर धान निघालं, मळणी झाली, की लोकांच्या हातात पैसा. तुळशीचं लग्न झालं की माणसांची लग्नं. मुलीच्या आंदणात पलंग, कपाट, पाट, आरशाचं टेबल. चौखटी आणि दारंही लोक याच दिवसांत बसवून घेत, पुढच्या पावसाच्या आत घर उभं राहावं म्हणून. म्हणजे वर्षातली सर्वांत मोठी कमाई वर्षातल्या सर्वांत थंड दोन महिन्यांत. हात आखडून बसायची सोय नव्हती.

सागवान सरकारी काष्ठागाराच्या लिलावातून यायचं, टीपी सोबत. टीपी नसेल तर एक फळीसुद्धा रस्त्याने हलवता येत नाही. गरिबाच्या कामाला आंबा, शिवण, साजा. लाकूड पावसाळाभर माळ्यावर पडून वाळायचं. बाबूजी त्याला घाई करत नसत. एकदा एका गिऱ्हाइकाने म्हटलं, फळ्या आगीजवळ ठेवा, लवकर वाळतील. बाबूजी म्हणाले, "भाकर नाही ते." आगीजवळ फळीची एक बाजू आधी वाळते, ती आक्रसते, दुसरी तशीच राहते. मग फळी वाकते, टोकांना चिरते. ऊब लाकडाला लागते, पण सगळीकडून सारखी आणि हळूहळू.

खरी गरज होती सरसाला. आजच्या मुलांना सरस माहीत नसेल. जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून काढलेला डिंक, पिवळट तपकिरी खडे किंवा पापुद्रे. ते रात्री थंड पाण्यात भिजत घालायचे. सकाळी फुगून लिबलिबीत होतात. मग एका मोठ्या भांड्यात पाणी, त्यात छोटं भांडं, त्यात सरस, असं दुहेरी तापवायचं. सरळ आगीवर ठेवला तर करपतो. उकळला तर जोर जातो. साठ-पासष्ट अंशांच्या पुढे न्यायचा नाही. थर्मामीटर आमच्याकडे कुठलं? बाहेरच्या भांड्यातल्या पाण्यात बोट घालायचं, चटका बसला पाहिजे पण बोट लगेच ओढावं लागता कामा नये, हे बाबूजींचं माप. वास असा यायचा की पाहुणे दारातूनच परत जात.

सरसाचा स्वभाव असा की तो गरम असतो तोवरच चिकटतो. थंड लाकडावर लावला की मिनिटाभरात त्याची लापशी होते, वर साय धरते. मग शिकंजा कितीही आवळा, सांधा वरवर बसतो आणि दोन वर्षांत पलंग कुरकुरायला लागतो. म्हणून नुसता सरस गरम असून भागत नाही. कुसू गरम पाहिजे, ज्या खोबणीत ते बसायचं ती गरम पाहिजे, आणि छपरीतली हवाही निदान बोचरी नको. बाबूजी सांधा जोडायच्या आधी दोन्ही तुकडे शेगडीवर हातभर उंच धरून फिरवायचे, जसं आपण पापड फिरवतो. मग सरस, मग ठोका, मग शिकंजा. शिकंजे कमी पडले की दोरीचे वेढे देऊन मध्ये काडी घालून पीळ. हे सगळं एका दमात.

आता शेगडी. ही भुशाची शेगडी मी रोज भरायची, चौथीपासून लग्न होईपर्यंत. तेलाचा पंधरा किलोचा पिपा घ्यायचा, वरचं झाकण कापलेलं. खाली बाजूला मुठीएवढं भोक. त्या भोकातून एक दांडा आडवा घालायचा, मधोमध दुसरा दांडा उभा धरायचा, दोन्ही आत भिडले पाहिजेत. मग सभोवती लाकडाचा भुसा टाकत जायचं आणि ठासत जायचं. ठासणं हेच काम. सैल राहिला तर मध्येच ढासळतो आणि आग गुदमरते. काठापर्यंत भरला की दोन्ही दांडे फिरवत फिरवत हळूच काढून घ्यायचे. आत काटकोनी बोगदा तयार होतो. खालच्या भोकात रंध्याच्या छिलक्यांचा बोळा पेटवून सरकवायचा. हवा खालून शिरते, वर जाते, आणि भुसा आतून बाहेर हळूहळू जळत राहतो. नीट भरली तर सकाळी सातला पेटवलेली शेगडी दुपारपर्यंत चालते, लाकूड घालावं लागत नाही, फुंकावं लागत नाही. पैसे शून्य. दिवसभर करवतीखाली जे पडलं, त्यावरच दुसऱ्या दिवसाची ऊब.

भुशाभुशात फरक असतो हेही मी तिथेच शिकले. वाळलेल्या सागाचा भुसा मंद जळतो. ओल्या आंब्याचा भुसा नुसता धूर करतो, डोळे लाल. धानाचा कोंडा मिसळला तर शेगडी जास्त वेळ चालते पण राख फार. म्हणून माझ्याकडे तीन बोरे असत: वाळका भुसा, ओला भुसा, छिलके. ओला भुसा दुपारी अंगणात ऊन दाखवायला पसरायचा, आणि कोंबड्यांना हाकलत बसायचं. आई म्हणायची, "पोरीचं अर्धं लहानपन भुशात गेलं." मला ते वाईट वाटलं नाही कधी. शाळेतल्या मैत्रिणींच्या घरी चूल पेटायला अर्धा तास लागायचा. मी एका काडीत पेटवायची.

आगीजवळ भुसा, छिलके, तणस, सगळं जळाऊ. तरी आमच्या छपरीला कधी आग लागली नाही, कारण बाबूजींचे नियम. शेगडी वाळूने भरलेल्या घमेल्यात, घमेलं तीन विटांवर. तिच्याभोवती चार हात जमीन दर तासाला झाडलेली. पाण्याची बादली भरलेली, आणि त्या बादलीतलं पाणी दुसऱ्या कशालाही वापरायचं नाही. पॉलिशचं काम छपरीत कधीच नाही. पॉलिश म्हणजे चपडी स्पिरिटमध्ये विरघळवलेली. चपडी लाखेची, आणि लाख आमच्याच भागातली, पळसावर आणि कुसुमावर पिकणारी. स्पिरिटची वाफ ठिणगीला शोधत येते. शिवाय धुक्यात पॉलिश केलं तर ते पांढुरकं पडतं, ओल धरतं. म्हणून पॉलिश दुपारी बारा ते तीन, अंगणात, उन्हात.

आणि शेवटचा नियम खिडकीचा. छपरीच्या मागच्या मातीच्या भिंतीत, वर आढ्याजवळ, दोन हात रुंद खिडकी होती. तिला सागाचं एकच पल्लं. ते शेगडी पेटलेली असताना लावायचं नाही. सकाळी कुडकुडत काम करणारे कारागीर कुरकुरायचे. गिऱ्हाइकं हसायची. "मिस्त्री, इकडं आग लावता नं तिकडं खिडकी उघडी ठेवता, मंग गरम काय होनार?" बाबूजी म्हणायचे, "आग बी श्वास घेते, आपन बी घेतो. दोघांले पुरली पायजे हवा." त्यांना कुणी शास्त्र शिकवलं नव्हतं. त्यांच्या बापाने सांगितलं, त्यांनी धरलं. ऊब टिकवायची तर अंगावर येणारा वारा अडवा, म्हणून पुढच्या तट्ट्यांना ते बारदानाचे जाड पडदे लावत. जमिनीवर तट्टा, त्यावर पोतं, पाय गार पडू नयेत म्हणून. वरची खिडकी मात्र उघडी.

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे एक पोरगा काम शिकायला होता, चौदा-पंधराचा, जंगलाच्या बाजूच्या गावातला. नाव लिहीत नाही. आम्ही त्याला छोटू म्हणायचो. हात फार चांगला होता त्याचा. सहा महिन्यांत त्याने रंधा असा धरायला सुरुवात केली होती की बाबूजी बाकीच्यांना त्याच्याकडे बघायला सांगायचे. तो छपरीतच झोपायचा.

जानेवारीत मावठा आला. दोन दिवस झड, वर वारा. एका मोठ्या घरच्या आंदणाचा पलंग आणि कपाट चार दिवसांत द्यायचं होतं. बाबूजी कब्जे आणि कड्या आणायला गोंदियाला गेले आणि पावसामुळे रात्री तिकडेच नातेवाइकांकडे राहिले. जायच्या आधी पलंगाच्या डोक्याकडची चौकट त्यांनी सरसाने जोडून शिकंज्यात ठेवली होती. छोटूला एवढंच सांगितलं होतं, चौकटीला थंडी लागू देऊ नको.

मुलगा कामाचा, म्हणून त्याने ते मनावर घेतलं. भुसा तर पावसाने दमट झालेला, शेगडी धुमसत होती. धुराने चौकट काळी पडेल असं त्याला वाटलं. त्याने शेगडी विझवली आणि कोपऱ्यात पडलेला लाकडी कोळसा घमेल्यात पेटवला. कोळशाला धूर नाही, लाल लाल निखारे, छान ऊब. वरच्या खिडकीतून पावसाचे शिंतोडे चौकटीवर येत होते. त्याने शिडी लावून पल्लं लावलं. पडदे ओढले, फटींत पोती कोंबली. आणि चौकटीशेजारी पोत्यावर झोपला. त्याने जे केलं ते सगळं त्याला नेमून दिलेल्या कामासाठी केलं, हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे. कारण पुढे गावात लोक म्हणाले, पोरगा आळशी, शेकत झोपला. तसं नव्हतं.

सकाळी आईने चहासाठी हाक मारली. उत्तर नाही. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा तिने कप तिथेच ठेवला आणि दादाला उठवलं. तट्टा आतून बांधलेला होता. दादाने लाथ मारून तोडला. आत धूर नव्हता, कसला वास नव्हता, छान ऊबदार होतं. म्हणूनच क्षणभर आम्हाला वाटलं, झोप लागली असेल. दादाने हलवलं तर मान लटकली. आई ओरडली, "बाहेर काढा आधी!" चौघांनी ओढत अंगणात आणलं. पाऊस पडत होता. पावसातच ठेवला. किती वेळ गेला माहीत नाही. मग तो खोकला, ओकला, डोकं धरून रडायला लागला. उभं राहता येत नव्हतं. शेजारच्या ट्रकमध्ये घालून बालाघाटच्या दवाखान्यात नेला, तिथे ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर आणायची गरज पडली नसती.

बाबूजी सकाळच्या गाडीने परत आले तेव्हा घरात फक्त मी आणि आजी. मी सांगितलं ते त्यांनी उभ्यानेच ऐकलं. कब्ज्यांची पिशवी हातातच होती. मग तसेच बालाघाटला गेले.

छोटू चौथ्या दिवशी घरी आला. त्याचा बाप त्याला न्यायला आला होता. बारीक, उन्हात रापलेला माणूस, आमच्या अंगणात खाली बसला, खाटेवर बसा म्हटलं तरी बसला नाही. बाबूजींनी त्या पलंगाचे सगळे पैसे त्याच्यापुढे ठेवले. तेव्हाच्या मानाने ते बरेच होते, आमचा अर्धा हिवाळा होता तो. त्या माणसाने पैशाला हात लावला नाही. म्हणाला, "पोरगा शिकाले पाठवला मिस्त्री, मराले नाही पाठवला. पैसे नोको. पोरगा ठेवाचा असन तं खिडकीचा बंदोबस्त करा."

बाबूजींनी काही उत्तर दिलं नाही. शिडी लावली, वर चढले, खिडकीचे कब्जे काढले आणि ते पल्लं खाली आणलं. त्या जागी लोखंडी जाळी ठोकली आणि बाहेरून पावसासाठी पत्र्याची पडवी काढली. म्हणजे खिडकी आता कुणाला लावताच येणार नव्हती. पोराच्या समजुतीवर, थकव्यावर, पावसावर काही अवलंबून राहिलं नाही. त्या पल्ल्याचे दोन पाट झाले. एक छोटूच्या घरी गेला. दुसरा माझ्या आंदणात आला, आमच्या नागपूरच्या घरी देवघरापुढे आहे.

तो नियम आमच्या घराण्यात आधीही होता. पण नियम असणं वेगळं आणि तो मोडता येऊ नये अशी सोय करणं वेगळं. हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे मी विज्ञानाची मास्तरीण झाले, तेव्हा त्या रात्रीचा अर्थ पुस्तकात सापडला. कोणतंही जळण, लाकूड असो, कोळसा असो, गॅस असो, अपुऱ्या हवेत जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत चुरचुरत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेपटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं. माणूस श्वास घेत असतो आणि तरी आतून गुदमरत असतो. आधी डोकं जड, मग मळमळ, मग ग्लानी. झोपलेल्या माणसाला यातलं काही कळतच नाही. भुशाच्या शेगडीतूनही हा वायू निघतो, पण तिचा धूर माणसाला उठवतो, हाकलतो. निखारे मात्र शांत असतात. लोक म्हणतात धूर नाही म्हणजे धोका नाही. उलट आहे मंडळी. धूर ओरडून सांगतो, निखारा सांगत नाही.

आणि हे फक्त खेड्यातलं, अडाण्यांचं म्हणून सोडू नका. २०२० च्या जानेवारीत नेपाळमधल्या दामनला केरळचे आठ पर्यटक एका हॉटेलच्या खोलीत गेले, त्यांत चार लहान मुलं. खोली बंद, गॅसचा हीटर चालू. शिकलेली, हौसेने फिरायला निघालेली कुटुंबं होती ती. दर हिवाळ्यात उत्तरेकडून अंगीठीच्या अशा बातम्या येतात, आपण वाचतो आणि पान उलटतो. मी उलटू शकत नाही. मला छोटूची लटकलेली मान दिसते.

आता आमची छपरी दादाच्या मुलाकडे आहे. कवेलू गेले, स्लॅब आला, भिंती विटांच्या, काचेच्या खिडक्या. सरस तर कधीच गेला. फेव्हिकॉल बाजारात आलं १९५९ मध्ये, पण आमच्याकडे बाबूजींनी ते बऱ्याच उशिरा स्वीकारलं. थंड लावा, वास नाही, तापवायला नको. लोकांना वाटलं, चला, आता शेगडीची कटकट संपली. संपली नाही. पांढरा डिंक पाण्यातला असतो, थंडीत तोही नीट धरत नाही. दहा अंशांच्या आसपास किंवा खाली तो वाळला तर पारदर्शक न होता खडूसारखा पांढरा, भुसभुशीत पडतो, आणि सांधा कच्चा राहतो. म्हणून जानेवारीत सांधे सकाळी जोडायचे नाहीत, दुपारी जोडायचे, डिंकाचा डबा आदल्या रात्री घरात ठेवायचा, आणि शिकंजा उन्हाळ्याच्या दुप्पट वेळ ठेवायचा. भाच्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "आत्या, हे डब्यावरच लिहून असते." बरं आहे. आमच्या काळी डब्यावर काही नव्हतं, बाबूजींचं बोट होतं.

एक गोष्ट मात्र डब्यावर लिहिलेली नसते. आजचा भुसा पूर्वीचा नाही. प्लायवूड, सनमायका, एमडीएफ कापलेला भुसा शेगडीत घालू नका. त्यात रासायनिक डिंक असतो, त्याचा धूर विषारी. रंगवलेलं जुनं लाकूडही नको. शेगडी पेटवायचीच असेल तर निव्वळ लाकडाच्या वाळक्या भुशाची. भाच्याने विजेचा हीटर घेतला आहे. त्यातून तो वायू निघत नाही हे खरं, पण तापलेल्या तारेवर बारीक भुसा उडून बसला की ठिणगी. म्हणून तो तेल भरलेला, तार उघडी नसलेला घेतला, भिंतीपासून दूर, आणि करवत चालू असताना बंद. रात्री काम संपलं की प्लग काढूनच कुलूप.

माझ्या बहिणीचा मुलगा कॅनडात आहे. दिवसा कॉम्प्युटरचं काम, शनिवार-रविवारी गॅरेजमध्ये सुतारकाम. रक्तातलं कुठे जातं! तिथे उणे वीस. त्याने मला व्हिडिओवर सगळं दाखवलं. आधी त्याने भिंती आणि छत भरून घेतलं, उष्णतारोधक थर घातला, गॅरेजच्या दाराच्या फटींना रबर लावलं. मग छोटा हीटर पुरला. तो म्हणाला, मावशी, आधी ऊब जाऊ द्यायची नाही, मग ती आणायची. मी म्हटलं, तुझ्या आजोबांचे बारदानाचे पडदे तेच करायचे. डिंक आणि रंग तो घरात ठेवतो, कारण एकदा गोठला की वाया. मग बाबूजी मागून डोकावले. तेव्हा ते हयात होते, ऐंशी पार. त्यांना हीटर, छत, यंत्रं काहीच पाहायचं नव्हतं. त्यांनी एकच विचारलं, "खिडकी कुठं आहे?" त्याने छताला लावलेलं एक पांढरं गोल यंत्र दाखवलं. तो वायू साचला की ते किंचाळतं. आणि बाजूला हवा खेळती ठेवणारा पंखा. बाबूजी बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हे इकडं मिळते का? छोटूकडं लावाले पायजे."

छोटूचा आता स्वतःचा कारखाना आहे. त्याच्या हाताखाली पाच पोरं शिकतात. बाबूजी गेले तेव्हा तिरडीचे बांबू त्याने स्वतः बांधले, दादाला हात लावू दिला नाही. त्याच्या कारखान्यात मागच्या भिंतीला वर खिडकी आहे, पल्ल्याशिवाय, नुसती जाळी. पोरांनी विचारलं की तो सांगतो, आपल्या कारखान्याची हीच रीत आहे. का आहे ते सगळ्यांना सांगत नाही.

ते यंत्र आता आपल्याकडेही ऑनलाइन मिळतं. मी चार घेतली. एक भाच्याच्या कारखान्यात, एक छोटूकडे, एक गावच्या घरी जिथे आजही हिवाळ्यात घमेल्यात निखारे येतात, आणि एक माझ्या न्हाणीघराबाहेर, कारण गॅस गिझरही तसाच वायू करतो. लेकीने विचारलं, आई, एवढा खर्च कशाला? मी तिला देवघरापुढचा पाट दाखवला. तो कुठून आला हे तिला माहीत नव्हतं. आता आहे.

मंडळी, तुमच्या घरी बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवायची पद्धत असेल, म्हाताऱ्यांच्या खाटेखाली निखारे सरकवायची असेल. पद्धत वाईट नाही, ऊब हवीच. पण झोपायच्या आधी निखारे बाहेर काढा, आणि वर हाताला न पोचणारी एक फट कायमची उघडी ठेवा. थोडी थंडी आत आली तर एक गोधडी जास्त घ्या.

आणि तुमच्याकडे भुशाची, कोंड्याची, गोवऱ्यांची कसली शेगडी होती, तिला काय म्हणायचे, कोण भरायचं, तेही लिहा. आमच्या घरी ते काम मुलीचं होतं. तुमच्याकडे कुणाचं?